पहिला भाग विकण्याआधी शेवटच्या भागाचं बोला

पुण्या-मुंबईत व्हिडिओ गेम बनवणाऱ्या सर्व मंडळींना,



हे पत्र श्रीगोंद्याहून लिहितो आहे. इथे मी कॉम्प्युटरचे वर्ग चालवतो. सर्टिफिकेटसाठी येणाऱ्या मुलामुलींमध्ये दर बॅचला दोन-चार जण तरी असे निघतात, जे तास संपला तरी गेमविषयी बोलायला मागे थांबतात. गोळीबाराचे मोबाइल गेम तर सगळेच खेळतात. मला ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ती मुलं गोष्टीच्या गेममध्ये रमणारी आहेत. ज्यात पात्रं बोलतात, आपण दिलेल्या उत्तरावर पुढची कथा फिरते, आणि जी कथा एकदम न मिळता भागाभागांनी विकली जाते, असे गेम. मीही त्यांच्यातलाच, वयाने मोठा एवढंच.

या मुलांचं आता एकच म्हणणं आहे : पहिला भाग आला तरी घ्यायचा नाही, सगळे येऊ द्यायचे, मग बघू. गेम बनवून पोट भरणाऱ्या माणसाने हे ऐकून अस्वस्थ व्हायला हवं.

तुमच्याकडचे बहुतेक गेम आज मोबाइलवरचे आणि लढाईचे आहेत, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं तुम्हाला वाटेल. पण राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स यांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं आहे. त्यातून नवे स्टुडिओ निघतील. शिवकाल, पुराणं, संतचरित्रं यांवर गेम काढायचे बेत होतील. सगळा खर्च एकदम झेपणार नाही, तेव्हा पहिला भाग विकून त्या पैशातून दुसरा करू, असं कुणीतरी सुचवेल. बैठकीत ते फार शहाणपणाचं वाटेल. त्या बैठकीआधी हे पत्र तुमच्या हातात पडावं अशी माझी इच्छा आहे.

गेम भागांत विकायची कल्पना ज्यांनी गाजवली, त्यांना ग्राहकाची वाट कमीच करायची होती. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' १९९८ साली आला आणि 'हाफ-लाइफ २' यायला २००४ चा नोव्हेंबर उजाडला. मध्ये सहा वर्षं गेली. म्हणून कंपनीने ठरवलं की यापुढे लहान भाग काढायचे आणि लवकर द्यायचे. 'एपिसोड वन' जून २००६ मध्ये आला, 'एपिसोड टू' ऑक्टोबर २००७ मध्ये. या दुसऱ्या भागाच्या शेवटी नायिकेच्या वडिलांना तिच्या डोळ्यांदेखत मारलं जातं, ती त्यांच्या देहाला बिलगून रडते आणि गेम संपतो. तिसरा भाग आजतागायत आलेला नाही.

तो का आला नाही, हे कळायलाही खेळाडूंना अर्धं तारुण्य घालवावं लागलं. कथालेखक मार्क लेडलॉ कंपनीतून बाहेर पडले आणि २०१७ मध्ये त्यांनी पात्रांची नावं बदलून तिसऱ्या भागाचं कथानक स्वतःच इंटरनेटवर टाकलं. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल सविस्तर बोलले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये, 'हाफ-लाइफ २'ला वीस वर्षं झाली तेव्हाच्या माहितीपटात. तिसऱ्या भागाने काही नवं पुढे नेलं जाईल असं आपल्याला दिसत नव्हतं, आणि केवळ गोष्ट पुरी करायची म्हणून भाग काढणं ही खेळाडूंप्रति असलेल्या जबाबदारीतून पळवाट ठरली असती, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. हे कारण मला खरं वाटतं. मनासारखं जमत नाही म्हणून काम थांबवायचा हक्क कलावंताला आहे. पण हेच कारण २०१० साली सांगता आलं असतं. ज्यांनी पहिले दोन भाग पैसे मोजून घेतले, त्यांना दरवर्षी आशेवर ठेवायचं काही कारण नव्हतं.

टेलटेल गेम्सची गोष्ट याहून कडवट आहे. कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने २०१२ मध्ये 'द वॉकिंग डेड'चे पाच भाग काढले आणि गोष्टीचे गेम जगभर लोकप्रिय केले. माझ्यासारख्या कितीतरी जणांना गेममध्ये पहिल्यांदा रडू आलं ते त्या क्लेमेंटाइन नावाच्या पोरीसाठी. त्यानंतर कंपनी एकाच वेळी अनेक मालिका हाती घेऊ लागली. 'द वुल्फ अमंग अस'चा पहिला भाग ऑक्टोबर २०१३ मध्ये आला आणि दुसरा फेब्रुवारी २०१४ मध्ये. मधले महिने लोक विचारत होते आणि धड उत्तर मिळत नव्हतं. ऑगस्ट २०१८ मध्ये 'द वॉकिंग डेड'चा अखेरचा सीझन सुरू झाला. चारही भागांचे पैसे आधी भरायची सोय होती आणि चाहत्यांनी ते भरले. २१ सप्टेंबरला कंपनीने सुमारे अडीचशे माणसांना कामावरून काढलं. त्यांना नुकसानभरपाईदेखील मिळाली नाही. दुसरा भाग पुढच्याच आठवड्यात ठरल्याप्रमाणे बाहेर पडला आणि तिसऱ्या-चौथ्याचं काय होणार हे कुणालाच सांगता येईना.

ती मालिका पुरी झाली ती मूळ कॉमिकचे लेखक रॉबर्ट कर्कमन यांच्या स्कायबाउंड कंपनीने काम उचललं म्हणून. काढून टाकलेल्यांपैकी काही जणांना परत बोलावून त्यांनी तिसरा भाग जानेवारी २०१९ मध्ये आणि चौथा मार्चमध्ये दिला. प्रत्येक मालिकेला असा कुणी भेटत नाही.

या प्रकरणात ग्राहकाचे पैसे अडकले आणि कामगारांची नोकरी गेली, ती एकाच कारणाने. पुढच्या भागाचा खर्च मागच्या भागाच्या विक्रीवर टांगलेला होता. म्हणून उशिराविषयी बोलताना मी गेम बनवणाऱ्या पोरांच्या विरोधात बोलत नाही. रात्ररात्र जागवून, रविवार खाऊन वेळेवर आणलेला भाग मला नको. गेम लांबला म्हणून बनवणाऱ्यांना जिवे मारण्याच्या धमक्या देणारे लोक जगात आहेत, २०२० मध्ये पोलंडच्या एका मोठ्या गेमच्या वेळी तसं घडलं. असं करणाऱ्यांना ग्राहक म्हणवून घ्यायचा अधिकार नाही. आमची मागणी वेगाची नाही. पैसे घेतले असतील तर तोंड बंद ठेवू नका, आणि जे देणं होणार नाही त्याचे पैसे परत करा, एवढीच आहे.

आता आमच्या बाजूने हे कसं दिसतं ते सांगतो. इथला मुलगा जेव्हा सीझन पास घेतो, म्हणजे सगळ्या भागांचे पैसे आधीच भरतो, तेव्हा ती रक्कम त्याच्या दृष्टीने लहान नसते. शेजारी बसलेला मित्र तोच गेम फुकटात, चोरीचा उतरवून खेळत असतो आणि याला वेड्यात काढत असतो. तरी हा यूपीआयने पैसे भरतो, कारण बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळावेत हे त्याला पटलेलं असतं. मग भाग लांबतो. सहा महिने जातात, वर्ष जातं. दरम्यान तोच संपूर्ण संच सवलतीत निम्म्याहून कमी किमतीला येतो. ज्याने आधी विश्वास ठेवला त्याने सर्वांत जास्त पैसे दिले आणि सर्वांत जास्त वाट पाहिली. जो थांबला त्याला स्वस्तात सगळं मिळालं. असा व्यवहार दोनदा झाला की थांबायचं कुणालाही शिकवावं लागत नाही. आणि सगळेच थांबले की पहिल्या भागाची विक्री पडते, पैसे कमी येतात, दुसरा भाग आणखी लांबतो. हे चक्र ग्राहकाच्या अविश्वासाने सुरू झालं, असं गेमवाले म्हणतात. मला ते उलट दिसतं.

पैशाखेरीज दुसरंही जातं. कादंबरीचा पुढचा खंड लांबला तर मागचा खंड कपाटात तसाच राहतो. ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होत्या, तेव्हाचे वाचक जुने अंक पुन्हा उघडू शकत होते. गेममध्ये मात्र आपण घेतलेले निर्णय एका सेव्ह फाइलमध्ये असतात. कुणाला वाचवलं, कुणाशी खोटं बोललो, हे सगळं त्या फाइलीत. वर्षभरात कॉम्प्युटर फॉरमॅट होतो, मोबाइल बदलतो, जागा हवी म्हणून गेम उडवला जातो. नवा भाग येतो तेव्हा आपली गोष्ट शिल्लक नसते. मग पहिल्यापासून खेळा, किंवा कंपनी आपोआप निवडून देईल ते निर्णय मान्य करा.

आणि माणसं पांगतात. श्रीगोंद्यासारख्या गावात हे फार लवकर होतं. बारावीला एकत्र खेळलेले चौघे पुढच्या वर्षी पुण्यात, रांजणगावच्या कंपनीत, नगरच्या कॉलेजात आणि घरच्या लिंबाच्या बागेत असतात. भागाभागांच्या गेमची खरी मजा दोन भागांमधल्या गप्पांत असते : खुनी कोण, पुढे काय होईल, तू तिला का सोडून दिलंस. त्या गप्पांनाही मुदत असते. उशिरा आलेला भाग एकट्याने खेळावा लागतो.

उशिराची किंमत काय असते, हे या तालुक्याला वेगळं शिकवायला नको. हा उसाचा तालुका आहे. ऊस कारखान्यावर गेला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली किमान किंमत, द्यायची, न दिल्यास वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यायचं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. पैसे नेहमी वेळेवर येतात असं मुळीच नाही. पण चौदा दिवस हा आकडा प्रत्येक ऊसवाल्याला पाठ आहे, आणि त्यामुळे भांडायला जमीन मिळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने ही रक्कम दोन हप्त्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली, तेव्हा शेतकऱ्यांची बाजू कोर्टात गेली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. माल एकाने आधी दिला आणि दुसऱ्याने आपलं देणं सवडीने द्यायचं ठरवलं, तर त्या सवडीचे पैसे पडतात, हे तत्त्व तिथे मान्य आहे. गेमच्या सीझन पासात बाजू फक्त उलटी आहे. इथे पैसे आधी गेलेत आणि माल राहिलाय. घराच्या बाबतीतही २०१७ पासून महारेरा आहेच : ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचे, ताबा लांबला तर व्याज द्यायचं.

गेमच्या ग्राहकाला कायदा अगदीच नाही असं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, ऑनलाइन घेतलेल्या डिजिटल वस्तूही ई-कॉमर्स नियमांत धरल्या आहेत, १९१५ या नंबरवर तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नाही. पण पाच-सातशे रुपयांच्या पासासाठी कॅलिफोर्नियातल्या बंद पडलेल्या कंपनीविरुद्ध कोण लढत बसेल? मलाही एकदा एका परदेशी मालिकेचे पैसे असेच सोडून द्यावे लागले. म्हणूनच मी हे पत्र आयोगाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही हाकेच्या अंतरावर आहात. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली तीही पुण्यातच. ग्राहक आणि उत्पादक यांनी समोरासमोर बसून बोलावं ही इथली जुनी रीत आहे.

दुकानांच्या नियमांकडेही एकदा ग्राहकाच्या जागेवरून बघा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम परत करायचा तर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना. एकसंध गेमसाठी हे ठीक आहे. पाच भागांच्या गेममध्ये पहिला भागच दोन तासांचा असतो. दुसरा लांबला हे कळेपर्यंत मुदत कधीच टळलेली असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीमने सीझन पासासाठी वेगळे नियम प्रसिद्ध केले, ते मात्र तुम्ही जरूर वाचा. पासात काय काय आहे आणि ते साधारण कधी मिळेल, हे विकण्याआधी लिहायचं. तारीख एकदा पुढे ढकलता येईल, तीही जास्तीत जास्त तीन महिने. काही रद्द झालं तर न आलेल्या भागाचे पैसे परत. हे सांगता येत नसेल तर पास विकूच नका, असंही त्यात म्हटलं आहे. स्टीम हे दुकान व्हॉल्व्हचंच. ज्या कंपनीने तिसरा भाग दिला नाही, तिनेच अखेर हा नियम लिहिला, आणि तो चांगला नियम आहे.

वेळ लागणारच असेल तर काय करावं, याचंही उदाहरण आहे. टोबी फॉक्स यांच्या 'डेल्टारून'चा पहिला अध्याय ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, दुसरा सप्टेंबर २०२१ मध्ये. मध्ये जवळजवळ तीन वर्षं गेली. दोन्ही अध्याय त्यांनी फुकट दिले. कामाला वेळ लागतोय, हात दुखतो, माणसं कमी आहेत, किती काम झालं, हे ते अधूनमधून स्वतः लिहून सांगत राहिले. जून २०२५ मध्ये तिसरा-चौथा अध्याय आला तेव्हा कुठे पैसे घेतले, आणि पुढचे अध्याय त्याच किमतीत मिळतील असं सांगितलं. एवढा उशीर होऊनही त्यांच्याविषयी कुणी कडू बोलताना मी ऐकलं नाही. मुलं त्या पत्रांची वाट पाहायची.

दुसरं उदाहरण टेलटेलमधूनच बाहेर पडलेल्या लोकांचं. त्यांच्या ॲडहॉक स्टुडिओने 'डिस्पॅच' हा आठ भागांचा गेम २२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू केला. दर आठवड्याला दोन भाग आणि १२ नोव्हेंबरला शेवट. माझ्या वर्गातल्या मुलांना या तीन आठवड्यांत जी मजा आली ती मी डोळ्यांनी पाहिली. बुधवारची वाट पाहणं हा त्या मजेचाच भाग होता, कारण बुधवारी भाग येणार याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. भाग पाडण्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

आपल्याकडचे अनुभवही तुमच्यासमोर आहेत. बंगळुरूच्या कंपनीचा 'फौजी' सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे वायदे झाले, आला २६ जानेवारी २०२१ ला. तेव्हा त्यात फक्त एकट्याने खेळायची मोहीम होती. मित्रांबरोबर खेळायची सोय पुढे जूनमध्ये मिळाली आणि तोवर इथल्या बऱ्याच मुलांनी तो काढून टाकला होता. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२२ मध्ये जाहीर झाला, जानेवारी २०२३ पासून नावनोंदणी सुरू झाली, एक कोटीहून जास्त लोकांनी नावं नोंदवली आणि गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. तो फुकट खेळायचा गेम, कुणाचे पैसे अडकले नाहीत, आणि मधल्या काळात चाचण्या घेऊन त्यांनी लोकांना आत घेतलं, ही चांगली गोष्ट. पुण्याच्याच नॉडिंग हेड्सने 'राजी' काढला तेव्हा पैशाची किती ओढाताण झाली असेल याची कल्पना येते. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी २०२० मध्ये त्यांनी गेम पुरा केला. मला तो फार आवडला. गोष्ट मात्र घाईत थांबल्यासारखी वाटते, आणि पुढे काय झालं असं मुलं अजून विचारतात. म्हणजे भुकेलेला ग्राहक इथे आहे.

म्हणून तुम्ही भागाभागांचा गेम काढाल तेव्हा पुढच्या भागांचे पैसे आधी घेऊ नका. घ्यावेच लागले तर ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि भाग दिल्यावरच वापरा. दुकानाच्या पानावर किंमत ज्या अक्षरांत लिहाल त्याच अक्षरांत किती भाग झालेत, किती व्हायचे आहेत, हेही लिहा. तारीख चुकली तर ती चुकायच्या आधी सांगा आणि मराठीतही सांगा. न आलेल्या भागाचे पैसे मागण्याचा हक्क शेवटचा भाग येईपर्यंत जिवंत ठेवा. मालिका थांबवायची वेळ आलीच तर उरलेली गोष्ट निदान लिहून तरी द्या. लेडलॉंनी एकट्याने केलं ते एका कंपनीला अवघड नसावं.

राज्याच्या धोरणातून अनुदान घेणाऱ्या स्टुडिओंना या अटी लागू कराव्यात, असं मी उद्योग विभागालाही वेगळ्या पत्राने लिहिणार आहे. पण सरकारने सांगण्याआधी तुमच्यापैकी एखाद्या स्टुडिओने त्या स्वतःहून जाहीर केल्या, तर त्याचा पहिला भाग ज्या दिवशी येईल त्याच दिवशी, पूर्ण किमतीला घ्यायला मी वर्गातल्या मुलांना सांगेन, आणि मीही घेईन.

आपला,
एक ग्राहक
श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर